कार्डांची मागची बाजू

१२ एप्रिल २०२५, शनिवार

आज पहिल्यांदा या वहीत लिहिण्यासारखं काही घडलं. लेकाकडे परदेशात, लोअर हटला येऊन महिना झाला आणि त्यातले निम्मे दिवस मी नुसतं हवामान लिहिलंय. वारा होता, वारा नव्हता, परत वारा आला.

सूनबाईला, गार्गीला लायब्ररीत पुस्तकं परत करायची होती म्हणून तिच्याबरोबर गेले. शेजारच्या हॉलवर पाटी होती: खेळाडूंच्या कार्डांचा स्वॅप मीट, म्हणजे अदलाबदलीचा मेळा, दर महिन्याचा दुसरा शनिवार. गार्गी म्हणाली, "आई, बघून या तुम्ही, मी आलेच." आत टेबलं मांडून म्हातारे बाप्ये बसलेले. समोर प्लास्टिकच्या पाकिटांत रग्बीवाले, क्रिकेटवाले. कोपऱ्यातल्या टेबलावर बेसबॉल, आणि त्या टेबलामागे अख्ख्या हॉलमधली एकुलती एक बाई. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी असेल. भक्कम बांध्याची, पांढरे केस बारीक कापलेले, आणि या थंडीत पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरा.

"किआ ओरा," ती म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार. नाव मेरे. तरुणपणी सॉफ्टबॉल खेळायची, नंतर हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी केली. मृणालिनी हे नाव तिने दोनदा म्हणून बघितलं आणि शेवटी 'मिस'वर तडजोड केली, कारण मी शिक्षिका होते हे मी तिसऱ्याच वाक्यात सांगितलं होतं. गार्गीचं म्हणणं, मी ते सगळ्यांनाच तिसऱ्या वाक्यात सांगते.

मी एक कार्ड उचललं, उलटं केलं आणि तिथेच अडकले. मागे आकड्यांचा तक्ता! वर्षवार, रकाने पाडून, मुंगीच्या अक्षरात. चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण इतक्या लहान जागेत इतका नेटका तक्ता पाहिला नव्हता. शेवटच्या रकान्यात नुसतं .२८६. दशांशचिन्हाच्या आधीचं शून्य कुठे गेलं, असं मी विचारलं. मेरे म्हणाली, ते कधी लिहीतच नाहीत. गडी ४१२ वेळा खेळायला आला, ११८ वेळा फटका नीट बसला, कर भागाकार. मी पर्समधल्या पावतीच्या पाठीवर केला. बरोबर निघालं.

"म्हणजे दहातल्या सात वेळा हा फसला," मी म्हणाले.

"हो, आणि तरी हिरो होता," मेरे म्हणाली.

हे मला विचार करण्यासारखं वाटलं. मी तिला सांगून टाकलं, माझ्याकडेही कार्डं आहेत. क्रिकेटची. एकशे एकेचाळीस.

१३ एप्रिल, रविवार

डबा काढून मोजली. एकशे एकेचाळीसच आहेत.

नव्वदच्या दशकात च्युइंग गमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं यायची. पोरं तासाला बाकाखाली अदलाबदल करायची आणि मी जप्त करायची. माझी पद्धत ठरलेली होती. मागच्या बाजूला पोरांनी पेन्सिलीने काय काय गिरबटलेलं असायचं, ते आधी स्वच्छ खोडायचं. मग शाईने नाव, इयत्ता, तुकडी, तारीख. वर्षअखेरीला पालकांनी यावं, सही करावी, घेऊन जावं. आता गमच्या कार्डासाठी कुठला पालक अर्धी रजा टाकून येणार? म्हणून डबा भरत गेला.

निघण्याआधी पुण्याच्या घरातलं कपाट आवरताना तो हाती लागला. वाटलं, अभिनवला गंमत वाटेल. तोही त्याच शाळेत होता, सातवीला तर माझ्याच वर्गात. आल्या दिवशीच उघडून दाखवला. त्याने वरची चार-पाच कार्डं पाहिली, झाकण लावलं, "कशाला एवढं वजन आणलंस," म्हणाला आणि गाडी पुसायला गेला. बाहेर पाऊस पडत होता.

ऑफिसचा ताण असावा. तो जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपांचं काहीतरी करतो, भूकंपात फुटू नयेत म्हणून. नेमकं काय ते विचारलं की म्हणतो, "बोअर होशील आई." मी इथे सहा महिन्यांसाठी आले ती लेकाशी बसून चार गोष्टी बोलायला, हे इथे खरं खरं लिहायला हरकत नाही. अजून दोनच झाल्यात, आणि त्यातली एक हीटर कसा लावायचा याबद्दल होती.

१० मे, शनिवार

मेरेकडे निवडक वीस कार्डं घेऊन गेले. बाईंचं वागणं मोठं अजब. तिने एकाही खेळाडूचं तोंड पाहिलं नाही. वीसच्या वीस कार्डं पालथी घातली आणि माझं अक्षर बघत बसली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"सगळं? तू कार्डांना अटक करायचीस की काय?" आणि मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरचा रग्बीवाला वळून बघायला लागला.

मग एकेक नाव बोटाने दाखवून विचारायला लागली, हा कोण, तो कोण. मला वाटलं होतं काही आठवणार नाही, पण सगळं आठवलं. नितीश, आठवी अ, पाढे पाठ नव्हते पण अख्ख्या संघाची धावसंख्या तोंडपाठ. मकरंद, सहावी क, एकच खेळाडू तीनदा जप्त, कारण पठ्ठ्या पुन्हा पुन्हा गम विकत घ्यायचा. आता ही मुलं कुठे असतील, असं तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडलाही नव्हता, याचं घरी आल्यावर नवल वाटलं.

तिची स्वतःची मांडणीही उलटीच आहे. कोरी करकरीत कार्डं बुटांच्या खोक्यात कशीही कोंबलेली, येणाऱ्या पोरांना फुकट वाटते. आणि फाटकी, दुमडलेली, पोरांनी रेघोट्या मारलेली कार्डं मात्र प्लास्टिकच्या पाकिटात, एकेक करून. प्रत्येक कार्ड खिडकीकडे तिरकं धरून डोळे बारीक करून बघते. जुनं म्हणून जपत असावी. कागदाची पारख असेल.

मग तिने एक उचललं. मिशीवाला सलामीचा फलंदाज. मागे: अभिनव सबनीस, ७ वी ब, १२ ऑगस्ट १९९७, गणिताचा तास. काय लिहिलंय ते मी तिला इंग्रजीत सांगितलं.

"सबनीस? हे तर तुझंच आडनाव."

"मुलगा माझा."

"पोटच्या पोराचं पण घेतलंस?"

मी तिला समजावलं. आईच्या वर्गात बसणारा मुलगा म्हणजे सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. त्याला जरा सूट दिली असती तर स्टाफरूममध्ये मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याला शाळेत मला 'बाई'च म्हणावं लागायचं, इतरांसारखंच.

"परत दिलंस का नंतर?"

"पालक आले असते तर दिलं असतं," मी म्हणाले. हा माझा स्टाफरूममधला हुकमी विनोद. पालक म्हणजे मीच ना! पण मेरे हसली नाही. भाषेचा फरक असेल.

तिला तेच कार्ड हवं होतं. मी म्हणाले, मला भरपूर आकडे असलेलं काहीतरी दे. तिने बराच वेळ हातातली पाकिटं मागेपुढे केली आणि मग पर्समधून, टेबलावरून नव्हे, एक काढलं. डावखुरा फलंदाज, चौदा वर्षांचा पूर्ण तक्ता. तिचा काका बोटीवर नोकरीला होता, त्याने अमेरिकेहून आणलेलं. "तू पोराचं देतेस, तर मलाही तसंच काही द्यायला हवं," ती म्हणाली. म्हणजे चांगलंच किमती असणार.

तिचा एक नियम आहे, त्याला ती स्लीपओव्हर म्हणते. सौदा लगेच पक्का करायचा नाही. कार्डांनी एक आठवडा एकमेकींच्या घरी राहायचं. आपलं नाहीसं झाल्याचा त्रास झाला तर परत मागायचं, नाही झाला तर पक्कं. मला हा नियम फार आवडला. लग्नांतही असाच असता तर किती संसार सुखाचे झाले असते.

"जपशील ना, मिस?" तिने निघताना विचारलं.

माझ्या ताब्यातल्या वस्तूवर चौतीस वर्षांत डाग पडला नाही, असं मी तिला सांगितलं.

११ मे, रविवार

सकाळी अभिनव पोह्यांसाठी कांदा चिरत होता. मी म्हटलं सांगून टाकावं.

"अभि, तुझं एक कार्ड मी मेरेला दिलंय. आठवड्यापुरतं. मग पक्कं करीन म्हणते."

"कुठलं?"

"सातवीतलं. मिशीवाला."

तो चिरायचा थांबला नाही. "दे की. तुझीच आहेत ती."

"तुला हवं असेल तर तसं सांग बाबा."

"आई, मी चाळीस वर्षांचा आहे."

गार्गीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पोहे भिजवायला घेतले. पोहे झाले छान, पण तो अर्धेच खाऊन उठला. अलीकडे त्याच्या जेवणाखाणाच्या फार तक्रारी झाल्यात.

१३ मे, मंगळवार

दोन दिवस डावखुऱ्याच्या संगतीत गेले. चौदा वर्षांच्या फटक्यांची बेरीज केली, छापील बेरजेशी जुळली. सगळ्या सरासऱ्या तपासल्या, एकही चूक नाही. पाचव्या वर्षी हा फक्त तीन सामने खेळलाय. का? आजारी होता, सैन्यात गेला, की कुणाशी भांडला? लायब्ररीतल्या मुलीला विचारलं, तिने संगणकावर शोधलं, पण एवढा प्रसिद्ध नव्हता तो. एखाद्या अनोळखी माणसाच्या आयुष्यातलं एक वर्ष हरवलंय आणि मला चैन पडत नाही, हे मी कुणाला सांगितलं तर हसतील.

एक गोष्ट मात्र खटकते. कार्डाची मागची बाजू पेन्सिलीने बरबटलेली आहे. काही वर्षांपुढे बरोबरच्या खुणा, कोपऱ्यात टोपीचं चित्र, आणि खाली मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत इंग्रजीत: 'एम, हात लावलास तर बघ!' कुणा वांड पोराच्या तावडीत सापडलं होतं वाटतं. बिचारी मेरे. इतकं सुंदर कार्ड आणि त्याची ही दशा.

१४ मे, बुधवार

कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, पांढरा मऊ खोडरबर आणला. खोडण्याचं एक शास्त्र आहे. कडेकडून आत यायचं, एकाच दिशेने, हलक्या हाताने. चुरा हाताने झटकायचा नाही, फुंकर मारायची. छापील शाईला धक्का लागता कामा नये. पाऊण तास लागला. हात थरथरतो अशी जी भीती होती ती खोटी निघाली.

कार्ड अगदी नव्यासारखं झालंय. मेरेचा चेहरा कधी बघते असं झालंय. सौदा मोडायचा म्हणाली तरी चालेल, माझी भेट समजून ठेव म्हणेन.

१७ मे, शनिवार

लिहायचं नव्हतं, पण घडलं ते वहीत उतरवायचं, नियम म्हणजे नियम.

मेरेचं घर नाएनाएला, इथल्याच एका उपनगरात आहे, गार्गीने सोडलं. चहा झाला, बिस्किटं झाली. मी कार्ड लिफाफ्यातून काढून दिलं, मागची बाजू वर करून. तिने पाहिलं. परत पाहिलं. मग खिडकीपाशी गेली आणि तिथेच उभी राहिली.

"मी स्वच्छ केलं," मी म्हणाले. वाटलं, तिला आनंदाने बोलवत नाहीये.

"ते टामाचं अक्षर होतं," ती म्हणाली.

टामा तिचा भाऊ. अकरा वर्षांचा असताना नदीत बुडाला. एम म्हणजे मेरे, म्हणजे तीच. तिला तो या कार्डाला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या हातचं लिहिलेलं घरात दुसरं काही उरलेलं नाही, वह्या शाळेने कधीच्या टाकल्या.

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, त्यात 'मला वाटलं' हे तीनदा आलं एवढं आठवतं. ती ओरडली नाही. तिने मला सांगितलं की खेळाडूची चित्रं हजारोंनी छापतात, ती कुणाकडेही मिळतील. मागे लिहिणारं पोर एकच असतं. म्हणून ती लिहिलेलीच कार्डं जमवते. माझी कार्डं तिला म्हणून आवडली होती. पाकिटातली ती फाटकी कार्डं माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून आली.

"तू आता घरी जा, मिस," ती म्हणाली.

मी तिच्या फाटकाबाहेर उभी राहून गार्गीची वाट पाहिली. वीस मिनिटं. आयुष्यात मला कुणी वर्गाबाहेर उभं केलेलं नव्हतं.

१९ मे, सोमवार

मी चांगल्या मनाने केलं. हे वाक्य लिहिलं आणि वाचलं. शाळेच्या ऑफिसात आणून उभं केलेलं प्रत्येक कार्टं मला हेच सांगायचं.

२३ मे, शुक्रवार

मेरेला फोन केला. उचलला नाही. चिठ्ठी लिहून पोस्टात टाकली. तीन वेळा खाडाखोड झाली, तशीच पाठवली. पुन्हा स्वच्छ काढून लिहावी असं मनात आलं होतं.

३० मे, शुक्रवार

उत्तर नाही. वारा.

१ जून, रविवार

गार्गीने अभिनवला सगळं सांगितलं असणार. दुपारी माझ्याजवळ येऊन बसला. आपणहून. पहिल्यांदाच.

"काय लिहिलं होतं गं त्या कार्डावर?"

मी सांगितलं. 'हात लावलास तर बघ' ऐकून त्याला खुदकन हसू आलं. मग हसू गेलं.

"आणि तू ते खोडलंस."

"हो."

"आमची पण खोडायचीस."

"नियम होता अभि. सगळ्यांना सारखा."

"हो. नियम होता," तो म्हणाला, आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला. कचऱ्याची गाडी बुधवारी येते.

मला त्याला थांबवायचं होतं. काय म्हणून थांबवू ते सुचलं नाही. काहीतरी चुकलेलं आहे आणि ते माझंच आहे, एवढं कळतंय, पण कुठल्या पायरीवर चुकलं ते सापडत नाही. दुसऱ्यांच्या वहीत मला पहिल्या नजरेत सापडायचं.

१४ जून, शनिवार

आज स्वॅप मीट. जाऊ नये असं वाटत होतं. गार्गी म्हणाली, "आई, तिने दार लावलंय की नाही, ते गेल्याशिवाय कसं कळणार? मी आहे बाहेर गाडीत."

मेरेच्या टेबलापुढे दोन पोरं होती. मी त्यांच्या मागे रांगेत उभी राहिले. माझी पाळी आल्यावर मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि म्हणाले, "मी चुकले. मला विचारायला हवं होतं." इंग्रजीतली एवढीच दोन वाक्यं, पण चौतीस वर्षांत मराठीतही कधी म्हटली नव्हती.

तिने हातातली पाकिटं नीट लावून ठेवली. मग म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे, मिस." आणि पायाने शेजारची खुर्ची सरकवली. "बस."

बसले. तिने पर्समधून टामाचं कार्ड काढलं आणि एक छोटा टॉर्च. टॉर्च कार्डाच्या कडेला आडवा धरला. उजेड तिरका पडला तशी अक्षरं उठून आली. काळी नाहीत, नुसते चर. टोपीही होती. खोडरबर शिसं उचलतो, दाबलेलं उचलत नाही. "टामा सगळंच जोरात करायचा," ती म्हणाली. तिने माझं बोट धरून त्या चरांवरून फिरवलं. मी रडले. त्या हॉलमध्ये, रग्बीवाल्यांच्या देखत. तिने मला रडू दिलं आणि तोवर एका मुलीला खोक्यातली चार कार्डं फुकट दिली.

मग अभिनवचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. "सौदा मोडला. हे मला नको."

मी म्हणाले, रागाने नको म्हणू नकोस.

"रागाने नाही. तुझ्या शाईखाली काहीतरी आहे. तुमच्या लिपीत. मला वाचता येत नाही, पण हे माझ्याकडे राहायचं नाही, एवढं कळतं. घरी जाऊन बघ."

घरी आले. भूकंपासाठी भरून ठेवलेल्या पिशवीत टॉर्च असतो, तो घेतला. खोलीचे पडदे लावले. अभिनव सबनीस, ७ वी ब, या माझ्या सुवाच्य शाईच्या खाली, तिरक्या उजेडात:

४१ – ५ = ३६
१५३० ÷ ३६ = ४२.५

मी कार्डावरचे छापील आकडे पाहिले. डाव ४१. नाबाद ५. धावा १५३०. सरासरी छापलेलीच नव्हती. त्याने ती काढली होती.

ऑगस्टमध्ये सातवीला मी सरासरी शिकवायची, दर वर्षी. बेरीज भागिले संख्या, एवढंच पुस्तकात. त्या हिशोबाने पोराने १५३० ला ४१ ने भागायला हवं होतं. त्याने नाबाद डाव वजा केले, क्रिकेटची सरासरी तशीच काढतात. हे मी शिकवलं नव्हतं. त्याचं त्याने शोधलं, किंवा कुठे वाचलं, आणि माझ्या तासाला, मी शिकवत असलेलंच गणित, माझ्या एक पाऊल पुढे जाऊन सोडवलं. मी कार्ड ओढून घेतलं. तास संपेपर्यंत त्याला दाराबाहेर उभा केला. स्टाफरूममध्ये बसून हे गणित खोडलं. खोडताना वाचलंही नाही.

भागाकार पुन्हा करून बघितला. छत्तीस बेचाळीस पंधराशे बारा, उरले अठरा, पॉइंट पाच. बरोबर आहे.

मला फार वाईट वाटतंय. याहून नेटकं लिहिता येत नाहीये.

१५ जून, रविवार

सकाळी गार्गी आंघोळीला गेल्यावर अभिनवसमोर टेबलावर कार्ड ठेवलं. टॉर्च आडवा धरून दाखवला. त्याला टॉर्चची गरज नव्हती. त्याने कार्डाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडेच पाहत राहिला.

"उत्तर बरोबर आहे," मी म्हणाले.

"माहितेय."

"मी तपासलं नव्हतं."

"तेही माहितेय."

"चुकलं माझं, अभि. तू बाहेर उभा राहायला नको होतास. मी उभं राहायला हवं होतं."

तो हसला, पण नीट नाही. म्हणाला, बाहेर उभं राहण्याचं काही नव्हतं, सगळेच राहायचे. त्या दिवशी संध्याकाळी घरी त्याने वाट पाहिली होती. शाळेत बाई आहेत, पण घरी तर आई असते, आई विचारेल. मी विचारलं नाही. मी घरी वर्गातलं काही आणत नसे, तोही माझा नियम होता. "मग मी सगळ्या संघाची सरासरी काढली. वेगळ्या वहीत. अकराच्या अकरा जणांची."

"मला दाखवली नाहीस."

"नाही. मग नाहीच दाखवलं काही," तो म्हणाला.

मी विचारलं, ती वही कुठे आहे. टाकली, म्हणाला. शाळा सोडली तेव्हाच. मला खात्री आहे की ती नीट सोडवलेली असणार आणि ती मला कधीच बघायला मिळणार नाही. तिच्यावर तिरका टॉर्च धरून उपयोग नाही.

त्याने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं. वाटलं आता गाडी पुसायला जाईल. तो उठला, आतून लॅपटॉप घेऊन आला आणि खुर्ची माझ्या खुर्चीला लावून बसला. "तू विचारत होतीस ना, मी काय करतो ते. बघायचंय?"

दोन तास. गार्गीने मध्ये चहा आणून ठेवला आणि परत गेली. या गावाखालचे सगळे पाइप, कुठला कोणत्या साली टाकला, जमीन किती हलली की कुठला आधी तुटेल, सगळं रंगांत आणि आकड्यांत. मला पहिली वीस मिनिटं समजली. पुढचं समजलं नाही, पण तो बोलत होता, हातवारे करत होता, मध्येच "हे भारी आहे बघ" म्हणत होता. मी जे कळलं नाही ते विचारलं आणि तो पुन्हा पहिल्यापासून सांगायचा.

एका आलेखावर अक्षांची नावंच लिहिलेली नव्हती. मी काही बोलले नाही.